वहीतला आवाज

आमच्या बालशाळेत घंटा नव्हती, हजेरी नव्हती आणि हाकही नव्हती. हाक मारायला बंदीच होती म्हणा ना. मूल खोलीच्या त्या टोकाला असलं तर बाईंनी उठायचं, त्याच्यापाशी जायचं, खाली बसायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मग हळू, स्वच्छ बोलायचं. घंटेऐवजी आम्ही ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू करायचो. हजेरीऐवजी मुलं सकाळी आल्या आल्या स्वतःचा फोटो भिंतीवरच्या फळीवर लावायची. मला या सगळ्याचा एवढा अभिमान होता की दुसऱ्या शाळेतल्या एखाद्या बाईंचं ओरडणं ऐकू आलं की मी नाक मुरडायची. त्याच शिस्तीने आम्हाला कसं फसवलं, ते आता सांगते.

शाळा लिंबायत या लूमवाल्यांच्या वस्तीच्या पुढे, एका रो-हाउसच्या तळमजल्यावर होती. पाठीला पाठ लावून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. त्यामुळे आमची फरशी सदैव थरथरायची. नवीन आलेल्या माणसाला ते कळायचं, आम्हाला कळेनासं झालं होतं. फक्त वर्षाकाठी एखाद्या दिवशी कारखाना बंद असला की खोलीतलं काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटायचं. अठरा मुलं होती. कोणी खानदेशातलं, कोणी ओडिशातलं, कोणी उत्तर प्रदेशातलं, दोन-तीन गुजराती. बहुतेकांचे वडील लूमवर.

शाळा चालवणाऱ्या बाईंना आम्ही मोटाबेन म्हणत असू. साठीच्या पुढच्या, सुती साडीतल्या, मराठी बऱ्यापैकी बोलणाऱ्या गुजराती बाई. त्यांचे नियम दोन. मुलाने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, ‘तुला काय वाटतं?’ असं विचारायचं. मग त्याला वाटेल तिकडे आपण मागून जायचं. आणि मूल जे बोलेल ते शब्दन्‌शब्द वहीत उतरवायचं. ‘‘आपले शब्द त्याच्या तोंडात नाही घालायचे, बेन,’’ त्या म्हणायच्या. माझी वही सगळ्यात भरलेली असायची. कोण काय म्हणालं, अवतरणचिन्हांसकट. त्या वहीच्या जोरावर मी सहा वर्षं नाकाने कांदे सोलत होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मी मागच्या मोरीवर रंगाचे ब्रश धुवायला गेले होते. परत आले तेव्हा खोलीत आवाज नव्हता.

चार वर्षांची अठरा मुलं एका खोलीत असली की आवाज नसणं हे बरं लक्षण नव्हे, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मी धावतच दार ओलांडलं. मुलं तिथेच होती. खेळत होती. ठोकळ्यांची एक लांब रांग लावली होती आणि दोन्ही बाजूंनी बसून सगळ्यांचे ओठ हलत होते. हसायची तशी तोंडं उघडत होती, भांडायची तशी बोटं नाचत होती, आणि एकाच्याही गळ्यातून आवाज येत नव्हता. एका मुलीने पायाची टाच जमिनीवर आपटली. त्यासरशी सतरा तोंडं एकदम तिच्याकडे वळली. ती ओठांनी काहीतरी म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा ओठ हलू लागले.

खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं की माझेच कान गेले. मी कानाशी चुटकी वाजवून पाहिली. वाजली. हातातल्या ब्रशचं पाणी फरशीवर टपटपत होतं, तेही ऐकू येत होतं. म्हणजे कान शाबूत होते.

आणि मग मला ओळख पटली, आणि भीती गेली. जायला नको होती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शहाद्याकडून इथे येऊन लूमवर लागले होते. शंभर लूम एका वेळी खडखडत असतात तिथे शेजारच्याच्या कानात ओरडून उपयोग नसतो. कामगार ओठांनी बोलतात. ओठ जरा जास्त ताणून, सावकाश, आवाज न काढता. कोणाला बोलवायचं तर काहीतरी आपटायचं किंवा हात हलवायचा. आबांचे कान दहा वर्षांत गेले आणि ती भाषा घरी आली. आई चुलीपाशी बसून ओठांनी ‘मीठ कमी शे का?’ विचारायची आणि आबा पाटावरून ओठांनी ‘नही’ म्हणायचे. आम्हा भावंडांचं निम्मं बालपण असं मुकाट गेलं. मला ओठ वाचता येतात हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण ती काही सांगायची विद्या आहे असंच वाटलं नव्हतं. सायकल येते तसं ते येत होतं.

तर मुलांनी ‘कारखाना’ खेळायला घेतला होता! माझा आनंद गगनात मावेना. मी त्यांच्यात बसले, ओठांनीच विचारलं, ‘हे काय चाललंय?’ टाच आपटणारी ती मुलगी माझ्यासमोर येऊन बसली आणि ओठांनी म्हणाली, ‘कारखाना.’ मी वही उघडली.

त्या मुलीबद्दल सांगायला हवं. खानदेशातलीच, दोन वेण्या, निळ्या रिबिनी. जूनमध्ये शाळेत आली होती. माझी आवडती होती हे मोटाबेनपासून लपवायची मी खूप खटपट करायचे. ती तुमच्या तोंडाकडे असं बघायची की बोलणाऱ्याला आपण फार मोलाचं काही बोलतोय असं वाटावं. दुसरी मुलं बोलता बोलता पाखरांकडे बघतील, नाक कोरतील. ही नाही. तिच्या नावाने माझ्या वहीत पानंच्या पानं होती.

खेळ आठवडाभर चालला, मग महिनाभर. त्या मुलीची एक मैत्रीण होती, उत्तर प्रदेशातल्या घरातली, एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी. तीही शाळेत आली की आवाज दाराबाहेर ठेवून यायची. मोटाबेनना मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘रहेवा दो. त्यांना शोधू द्या.’’ मग आम्ही शोधाला नाव दिलं: ‘आवाजाशिवाय बोलता येतं का?’ मुलांचे फोटो काढले, माझ्या वहीतली वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून फोटोंखाली लावली. शिक्षिका व्हायला शिकणाऱ्या मुली बघायला आल्या. भिंतीजवळ उभ्या राहून त्या कुजबुजत होत्या आणि खोलीत त्यांचंच कुजबुजणं काय ते ऐकू येत होतं. त्यांच्यातली एक दहा मिनिटांत बाहेर जाऊन उभी राहिली. म्हणाली, आत गुदमरतंय. मला तिची कीव आली होती.

घरांतून तक्रारी येऊ लागल्या. मुलगा जेवायला बसला की नुसते ओठ हलवतो, टाच आपटून पाणी मागतो. एका आजीने दारातच नातवावरून लिंबू-मिरची उतरवली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘पोराला काहीतरी लागलंय तुमच्या इथे. बघून घ्या.’’ मी तिला मुलांच्या शोधाचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लिंबू चौकात टाकायला निघून गेली.

मग सुट्टीचा तो दिवस आला. कारखान्याची सुट्टी, आमची नाही. सकाळपासून फरशी निपचित. ती मुलगी आली, चपला काढल्या, फोटो लावला आणि दोन पावलं चालून थांबली. खाली बसली. दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. मग गाल टेकवला. बराच वेळ तशीच पडून राहिली आणि रडायला लागली, आवाज न करता. बाकीची मुलं तिच्याभोवती गोळा होऊन एकेक करून फरशीला हात लावू लागली, मयताच्या पायांना लावतात तसा. मी जवळ जाऊन बसले. ती माझ्या चेहऱ्याकडे वळली.

‘मरी गई,’ ती म्हणाली.

‘काय मेलं?’

‘जमीन.’

आणि मी काय केलं? मी ते लिहून घेतलं. तारीख, वार, अवतरणचिन्हं. ‘तुला काय वाटतं, ती का मेली?’ असंही विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, तर समासात ‘विचार करते आहे’ अशी नोंद केली. आज ते पान काढून बघायची हिंमत होत नाही. वही माळ्यावर आहे.

शनिवारी दुपारी मुलं गेल्यावर मोटाबेन वह्या वाचायच्या. त्या दिवशी त्यांनी माझं ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला.

‘‘फार सुंदर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एक विचारू? हिचा आवाज कसा आहे?’’

‘‘बारीक,’’ मी लगेच म्हणाले. ‘‘जरासा घोगरा.’’

‘‘मी कधी ऐकला नाही. जूनपासून. मी तिच्याजवळ बसते, ती ओठ हलवते. मला वाटायचं, हळू बोलते आणि तुमच्या गावाकडचं बोलते, म्हणून मला कळत नाही. तुमच्या वहीत तर किती बोलते ही.’’

मी हसले. मग हसू आपोआप थांबलं. मी तो आवाज आठवायला लागले. ‘पाणी पाहिजे’ म्हणताना. पहिल्या दिवशी रडताना. पावसात पत्र्याखाली उभं राहून ‘कोन वाजाडी राह्यनं?’, कोण वाजवतंय, असं मला विचारताना. ओठ आठवत होते, लख्ख. त्यांच्यावर तो बारीक, घोगरा आवाजही होता. पण तो कुठल्या दिवशी, कुठल्या कोपऱ्यातून माझ्या कानावर आला, ते काही केल्या सापडेना. आणि पत्र्याखालचा तो प्रश्न तिने विचारला तेव्हा तिचा हात पत्र्याच्या खांबावर होता, हे मला तेव्हा आठवलं.

मी वही घेऊन घरी गेले आणि जूनपासूनचं पानन्‌पान वाचलं. तिच्या नावावरचं एकेक वाक्य. एकही मी ऐकलं नव्हतं. सगळी मी पाहिली होती. खेळ दिवाळीनंतर सुरू झाला असं मी धरून चालले होते. तो खेळ नव्हता, आणि दिवाळीनंतर सुरू झाला नव्हता. एक मुलगी पहिल्यापासून तसंच बोलत होती आणि बाकीची सतरा हळूहळू तिच्याकडे गेली होती. मी त्या वहीला हात लावायलाही घाबरले. त्यात सात महिने कोणीतरी बोलत होतं आणि ते कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी ती ठोकळे रचत बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी तिच्या मागे दोन हात अंतरावर उभी राहिले आणि तिला नावाने हाक मारली. त्या शाळेतली ती पहिली हाक. माझाच आवाज मला परका वाटला. ती हलली नाही. मी पुन्हा, जोरात मारली. सतरा मुलांनी दचकून माझ्याकडे बघितलं आणि तिने एक पिवळा ठोकळा उचलून दुसऱ्यावर ठेवला.

तिच्या मैत्रिणीने कपाळाला आठ्या घातल्या, माझ्याकडे बघितलं आणि टाच आपटली. लगेच निळ्या रिबिनी वळल्या.

‘‘टीचर,’’ मैत्रीण म्हणाली, कितीतरी दिवसांनी मोठ्याने, ‘‘वो पीछे से नहीं सुनती.’’

‘‘तुला कधीपासून माहितीये?’’

‘‘पहले से.’’ तिने खोलीकडे हात केला. ‘‘सबको मालूम है.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बसले. ती मैत्रीण माझ्यासमोर आली, बसली, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि आम्ही विचारायचो अगदी त्याच सुरात, हळू, स्वच्छ विचारलं, ‘‘आपको क्या लगता था, टीचर?’’

चार वर्षांची पोर. तिच्या मनात काही नव्हतं. आम्हीच शिकवलं होतं तिला तसं विचारायला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आमचा वळसा सात महिन्यांचा. कोपऱ्यावरच्या कुठल्याही शाळेत, जिथे बाई पट्टी आपटून हजेरी घेतात, तिथे ही गोष्ट आठ दिवसांत उघडी पडली असती. आमच्याकडे ती लपली, कारण आम्ही जवळ जात होतो, समोर बसत होतो, सावकाश बोलत होतो. आणि माझ्याकडे तर सगळ्यात जास्त लपली. मोटाबेनना निदान ‘कळत नाही’ एवढं तरी कळलं होतं. मला सगळं कळत होतं.

दुपारी तिचे वडील घ्यायला आले. रात्रपाळी करून, डोळे तांबारलेले. मी सांगितलं तसे ते चिडले. अर्धं त्यांनी माझ्या ओठांवरून घेतलं, हे मला दिसत होतं.

‘‘तिले समदं समजस, ताई. घरमा एक शब्द दोनदा सांगना पडत नही. गावले ताप उना व्हता, तव्हापाईन जरा कमी बोलस इतलंच. शानी हुई गई पोर.’’

‘‘भाऊ, तिच्या मागे उभे राहा आणि हाक मारा.’’

ती पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. ते मागे गेले. हाक मारली. मग घसा फाडून मारली, गल्लीतल्या बायका दारात आल्या. ती पट्ट्याशीच झटत होती. मग त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि आवाज काढला नाही. हळूच तिच्या शेजारी पायरीवर बसले.

‘‘मी तिले कधी मांगेथून हाक मारीच नही,’’ ते मला म्हणाले.

मला त्या माणसाला काही म्हणायचा हक्क नव्हता. मीही मारली नव्हती.

मोटाबेननी त्याच दिवशी भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले. दुसऱ्या दिवशी मी त्या बापलेकींबरोबर मोठ्या दवाखान्यात गेले. तपासून डॉक्टर बाई म्हणाल्या, तापानंतर गेले असणार कान. थोडं ऐकू येणं शिल्लक आहे, मशीन लावून उपयोग होईल. पण बोलणं शिकायचं वय पटपट सरतं आणि दोन वर्षं तशीच गेलीत; आता एक दिवसही घालवू नका, नाहीतर आवाज असून बोली येणार नाही. त्या दोन वर्षांतले सात महिने माझे होते. तिच्या आयुष्याच्या हिशेबात ते फार मोठे आहेत, आणि मी ते वह्या भरण्यात घालवले. परतताना ती रिक्षात माझ्या मांडीवर झोपली आणि मी रडले. वडिलांनी बाहेर बघितल्यासारखं केलं.

मशीन मार्चमध्ये आलं. पहिले दिवस ती ते कानातून उपटून टाकायची. लूमची खडखड तिला पहिल्यांदा कानाने आली तेव्हा ती फरशीवरून उठून टेबलावर चढून बसली होती. जमिनीत राहणारं ते आता हवेत आलं होतं, असं काहीतरी तिला वाटलं असावं. मुलांचा मुका खेळ तोवर आपोआप संपला होता. खोलीत पुन्हा नेहमीचा कालवा होता आणि मला तो हवाहवासा वाटत होता.

एक दिवस सगळी घमेल्यातल्या मातीशी खेळत होती आणि अचानक खोलीत एक आवाज आला. जाड, पोटातून ओढून काढल्यासारखा, मोठ्या माणसाचा वाटावा असा. शब्द नव्हता, नुसता आवाज. मुलं गप्प झाली. मैत्रीण माझ्या पदराला धरून उभी राहिली. मी आवाजाच्या दिशेने पाहिलं तर तिथे निळ्या रिबिनी होत्या. तिचं तोंड अजून उघडं होतं. तिने झटक्यात मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

तो आवाज माझ्या वहीतला नव्हता. वहीतला बारीक होता, जरासा घोगरा. तो कोणाचा ते मला त्या क्षणी, मातीच्या घमेल्यापाशी उभं असताना कळलं. आबांच्या ओठांवरही लहानपणी मी तोच घालायची. आबांचा खरा आवाज मला आज आठवत नाही, फक्त ओठ आठवतात. मुलाच्या तोंडात एकही शब्द न घालणारी मी, सात महिने त्या पोरीच्या तोंडून माझ्याच, मी चार वर्षांची असतानाच्या आवाजात बोलत होते.

ती माझ्याकडे आली. घाबरलेली होती. मातीचे हात माझ्या गालांना लावून तिने माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं. या वेळी ओठांबरोबर तो जाड आवाजही आला, वेडावाकडा, पण आला.

‘‘कोन बोलनं?’’

तुला काय वाटतं, हे शब्द सवयीने माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले.

‘‘तू,’’ मी म्हणाले. ‘‘तूच बोलनी, बाय.’’

तिचा विश्वास बसला नाही. तिने पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं.